सरपंच निवडून येतो, मग योजना का येत नाही?

मतदान गुप्त, दमदाटी नाही, आणि गावात गरीब मतदारच जास्त. अशा गावात गरिबांच्या योजना सगळ्यात आधी यायला हव्यात. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली, तेव्हा गावाच्या हाती कारभार देण्यामागे ही आशा होतीच. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत ती फळली नाही. का, याचा शोध सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँकोइस आणि अशोक कोतवाल या अर्थशास्त्रज्ञांनी घेतला.

२००७ साली त्यांच्या पाहणीत राज्यातल्या ३०० गावांमधली ९,१३२ कुटुंबं होती. निष्कर्ष २०१५ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आले. ज्या गावांत शेतजमिनीवर मराठा समाजाचं वर्चस्व आहे आणि ज्या गावांत इतर जातींचं आहे, अशी तुलना त्यांनी केली. निवडणुका दोन्हीकडे खुल्या वातावरणात होत होत्या. तरीही पहिल्या प्रकारच्या गावांत गरिबांसाठीच्या सरकारी योजना, त्यात रोजगार हमीही आली, कमी पोचल्या होत्या. शेतमजुरी कमी होती आणि जमीनदारांचा नफा जास्त. हा जातीच्या स्वभावाचा निष्कर्ष नव्हे. मराठा समाजातही अल्पभूधारकच बहुसंख्य आहेत. प्रश्न गावातली जमीन आणि प्रतिष्ठा एकाच जागी साचण्याचा आहे.

पाहणीतली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. याच गावांतले मजूर मोठ्या शेतकऱ्यांवर अधिक विश्वास ठेवत होते. अडीनडीला धान्य, उसनवारी मिळेल अशी खात्री तिथे जास्त होती.

समजा, सोयाबीन काढणीला अजून महिना आहे आणि घरात पोराला ताप भरलाय. रात्री अकराला बाई कुणाचं दार वाजवणार? ज्याच्या रानात ती खुरपायला जाते, त्याचंच. तो पाच हजार काढून देतो, गाडीही देतो. ही मदत खोटी नसते, त्या रात्री तिनेच पोर वाचतं. पैसे फिटतात ते काढणीच्या कामातून, आणि तेव्हा रोज किती, हे ती बाई विचारत नाही. निवडणूक आली की मत त्याच्या पॅनेलला जातं. तिला कुणी धमकावलेलं नसतं. पुन्हा ताप आला तर, एवढाच विचार तिच्या मनात असतो.

आता जमीनदाराच्या बाजूने बघा. गावात रोजगार हमीचं काम सुरू झालं तर मजुराला दुसरा पर्याय मिळतो, त्याच्या रानातली मजुरी वाढवावी लागते आणि मुख्य म्हणजे त्या दारावरची गरज कमी होते. म्हणून पंचायत काहीच करत नाही. योजनेला विरोध करायची वेळच येत नाही. मागणी वर गेली नाही, की काम मंजूर होत नाही.

‘सरपंच चांगला निवडा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो, असं मला ठामपणे वाटतं. आरक्षणातून खुर्ची मिळालेली बाई किंवा दलित सरपंच स्वतःच त्या रानात कामाला जात असेल, तर ग्रामसभेत ती कुणासमोर बोलणार? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं, तेव्हा अनेक सदस्य दुखावले होते. ही पाहणी वाचताना आंबेडकरांची भीती किती नेमकी होती ते कळतं.

मग सत्ता पुन्हा वर न्यायची का? मुळीच नाही. त्या बाईला पंचायतीबाहेरून आधार हवा. घराजवळ रात्री उघडा असणारा दवाखाना, वेळेवर मिळणारं रेशन, बचत गटातून दोन दिवसांत हातात पडणारं कर्ज. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात काम मागणाऱ्याला तारखेची पोच द्यायची आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता द्यायचा, अशी तरतूद होती. पोच हातात असली, की काम मागायला ओळख लागत नाही. पण ती मागण्यासाठी कार्यालयात गेलेल्या बाईला त्याच संध्याकाळी उसनवारीसाठी कुणाच्या ओट्यावर बसावं लागत असेल, तर ती पोच न घेताच परत येते.