नशा उतरते, मग मेंदूत मागे काय राहतं? उंदरांवरच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

ठरवलं तर व्यसन सुटतं, असं आपल्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं, आणि ते ऐकून घरातल्या माणसांचा जीव किती तुटतो हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं. मेंदूत खरंच काही बदलतं का हे बघायचं तर जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही, म्हणून हा बहुतेक शोध प्राण्यांवर झाला.

आधी प्रश्न साधा होता, प्राण्याला तरी व्यसन लागतं का? १९४० मध्ये अमेरिकेत स्प्रॅग यांनी चिंपांझींना मॉर्फिन या अफूपासून मिळणाऱ्या औषधाची सवय लावली, तर डोसची वेळ झाली की ते फळ ठेवलेला डबा सोडून सिरिंजवाला डबा निवडायचे. मग १९५४ मध्ये कॅनडात ओल्ड्स आणि मिल्नर यांना दिसलं की मेंदूत ठराविक जागी इलेक्ट्रोड असला तर उंदीर कळ दाबून दाबून स्वतःलाच करंट देत राहतो, म्हणजे ओढ मेंदूतूनच निर्माण होऊ शकते. १९६२ ला वीक्स यांनी उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवली, कळ दाबली की मॉर्फिन आत. व्यसनाच्या रिसर्चमध्ये आजही मुख्य पद्धत हीच.

पण खरा पेच पुढे आहे. कोकेन काही तासांत उतरतं, आणि सोडून महिने झालेला माणूस परत घेतो, मग मधल्या काळात मेंदूत राहतं काय? १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नेस्लर यांच्या टीमने उंदरांना रोज कोकेन देऊन मेंदूतला न्यूक्लियस अकम्बन्स हा सुखाच्या ओढीशी जोडलेला भाग तपासला. पहिल्या डोसला सी-फॉस नावाचं प्रोटीन झटकन वाढतं आणि काही तासांत उतरतं, पण डोस चालूच राहिले तर त्याच घराण्यातलं डेल्टा-फॉस-बी थोडं थोडं साठत जातं, कारण ते सहज तुटत नाही, आणि कोकेन बंद केल्यावरही कित्येक आठवडे राहतं. १९९९ मध्ये त्यांनी जीन बदलून हे प्रोटीन मुद्दाम वाढवलेले उंदीर घेतले, तर कोकेन आधी कधी न मिळालेल्या त्या उंदरांवरही त्याचा असर जास्त दिसला. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, कारण इथे प्रोटीन नुसती खूण राहत नाही, कारण ठरतं. पुढे कोकेनचं व्यसन असलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूतही ते वाढलेलं सापडलं.

तरी आठवड्यांनी तेही जातंच, त्यामुळे वर्षांनंतरची ओढ एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही.

शिवाय सगळे उंदीर सारखे नसतात. २००४ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमध्ये उंदरांना जवळपास तीन महिने स्वतःहून कोकेन घेऊ दिलं, तर शॉक बसत असतानाही घेणं, मिळत नसतानाही मागत राहणं, त्यासाठी वाट्टेल तेवढी मेहनत करणं, अशी तिन्ही लक्षणं दाखवणारे निघाले फक्त १७ टक्के. बाकीच्यांनीही कोकेन जवळपास तेवढंच घेतलं होतं. त्यामुळे आता नुसतं कोकेन घेतलेला आणि न घेतलेला मेंदू शेजारी ठेवून भागत नाही, घेऊनही न अडकलेल्या उंदराचा मेंदूही सोबत ठेवावा लागतो.