इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप : नाद व आउटपुट यांची तुलना

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांचे कंपन विद्युत् संकेतात बदलणाऱ्या चुंबकीय घटकास पिकअप म्हणतात. त्यात कायम चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या वायरचे हजारो फेरे दिलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्याने गिटारची तारही चुंबकित होते व ती कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलून विद्युत् दाब निर्माण होतो.

एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल पिकअप स्वच्छ व तीक्ष्ण नादासाठी ओळखला जातो; १९५४ मध्ये आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा नाद हे त्याचे परिचित उदाहरण होय. मात्र वीजपुरवठ्याची गुणगुण त्यात सहज शिरते. ही गुणगुण घालवण्यासाठी गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात दोन वेटोळ्यांचा हमबकर पिकअप विकसित केला. त्यातील दोन वेटोळ्यांची चुंबकीय ध्रुवता व जोडणी परस्परविरुद्ध असल्याने दोन्हींतील गुणगुण परस्परांना रद्द करते, तर तारांचा संकेत एकत्र येतो. हमबकर तारेचे कंपन दोन ठिकाणी टिपतो, त्यामुळे काही उच्च स्वरांश मंदावतात व नाद भरीव होतो. तरीही वेटोळ्यांच्या संख्येवरून नाद ठरवणे धोक्याचे आहे. गिब्सनचा पी-९० सिंगल कॉइलच असून, सुमारे १०,००० फेऱ्यांमुळे तो जोरकस व मध्यस्वरांनी भरलेला वाजतो.

आउटपुटची, म्हणजे पिकअपमधून निघणाऱ्या संकेताच्या जोराची, तुलना बहुधा किलोओहममधील रोधावरून केली जाते. हे माप अपुरे आहे. वायर बारीक केली तर फेरे तेवढेच राहूनही रोध वाढतो. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारमध्ये नेक पिकअपची (मानेजवळच्या) वायर परंपरेने ब्रिज पिकअपच्या (तारा टेकतात त्या ब्रिजजवळच्या) वायरपेक्षा बारीक असते, म्हणून दोघांचे आकडे जवळपास आले तरी जोर सारखा नसतो. फेऱ्यांची संख्या, चुंबकाचे बल आणि इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण) यांवरून अधिक खरा अंदाज येतो. स्ट्रॅटोकास्टरच्या पारंपरिक पिकअपचा इंडक्टन्स साधारण २ ते २.५ हेन्री असतो, तर जुन्या धाटणीच्या हमबकरचा ४ हेन्रींच्या आसपास. फेरे वाढवले की आउटपुट वाढते, पण इंडक्टन्सही वाढून अनुस्पंदनाची कंप्रता (पिकअप ज्या कंप्रतेला सर्वाधिक प्रतिसाद देतो ती) खाली येते आणि नादातील चमक कमी होते. म्हणून आउटपुट व नाद हे एकमेकांपासून सुटे काढता येत नाहीत. लांब केबलची धारकता (विद्युत् भार साठवण्याची क्षमता) ही कंप्रता आणखी खाली ओढते. व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करणारा बदलता रोध) ५०० ऐवजी २५० किलोओहमचा असेल, तर अनुस्पंदनाचे शिखर बोथट होते.

तारेचे आंदोलन ब्रिजजवळ लहान असते, म्हणून तेथील पिकअपला पुष्कळदा जास्त फेरे देतात. पिकअप तारांच्या जवळ आणल्यास आउटपुट वाढते, पण बलवान चुंबक फार जवळ आल्यास तो तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. त्यामुळे तुलना करताना गिटार, तारा, पिकअपची जागा व उंची, केबल आणि ॲम्प्लिफायर तेच ठेवावे लागतात.

मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो, हे ध्यानात घेऊन स्वच्छ नाद पारखताना दोन्ही पिकअपची पातळी समान करावी. डिस्टॉर्शनच्या (ॲम्प्लिफायरवर जास्त जोर देऊन मिळणाऱ्या खरखरीत नादाच्या) बाबतीत मात्र ही समानता मूळ फरकच पुसून टाकते. १९७२ मधील डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शनसारखा सिरॅमिक चुंबकाचा हमबकर ॲम्प्लिफायरचा पहिला टप्पा अधिक जोराने ढकलण्यासाठीच घडवलेला आहे. त्याची पारख ॲम्प्लिफायरची मांडणी न बदलता, त्याच्या पूर्ण आउटपुटवरच व्हायला हवी.