मालदीव: निर्जन बेटांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था

१९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या मालदीवची सारी मदार मासेमारीवर होती. उकडून, धुरी देऊन आणि उन्हात वाळवून लाकडासारखा टणक केलेला ट्यूना श्रीलंकेला विकायचा, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. सत्तरच्या दशकारंभी परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने ही आयात आखडती घेतली आणि भरवशाचे गिऱ्हाईकच दुरावले. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी या बेटांवर पर्यटन शक्य नसल्याचा अभिप्राय दिला होता.

तरीही फेब्रुवारी १९७२ मध्ये जॉर्ज कॉर्बिन या इटालियन व्यावसायिकाने पर्यटकांची पहिली तुकडी आणली. हॉटेलच नसल्याने त्यांना मालेमधल्या राहत्या घरांत उतरवावे लागले. ऑक्टोबरमध्ये विहामनाफुशी बेटावर ‘कुरुंबा’ हे ३० खोल्यांचे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. भिंती प्रवाळी दगडाच्या आणि छप्पर माडाच्या झावळ्यांचे.

पुढचे यश समुद्राच्या सौंदर्याइतकेच धोरणाचेही आहे. निर्जन बेटे सरकारच्या मालकीची. ती विकायची नाहीत, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट उभारू द्यायचे. धक्का, वीज, गोडे पाणी, सांडपाणी या साऱ्यांचा खर्च पट्टेदाराने सोसायचा असल्याने, हाती भांडवल नसलेल्या सरकारला भाडे आणि कर यांचे उत्पन्न मिळू लागले. १९८१ मध्ये हुलहुले विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी खुला झाल्यावर युरोपातून थेट विमाने येऊ लागली. २००४ च्या त्सुनामीमुळे लांबलेली प्रक्रिया पूर्ण होऊन १ जानेवारी २०११ रोजी हा देश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला.

मात्र या रचनेत सामान्य मालदीवकर बराच काळ नोकरदारच राहिला, कारण रिसॉर्ट आणि वस्तीची बेटे मुद्दाम वेगळी ठेवलेली होती. २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटावर खोली, होडी, खाणावळ यांतून पैसा थेट स्थानिक कुटुंबांच्या हाती येऊ लागला. वाढीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, या दृष्टीने मला हे वळण १९७२ इतकेच महत्त्वाचे वाटते.

एकाच व्यवसायावर विसंबण्याची किंमत २०२० मध्ये दिसली. साथीमुळे मार्चअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सीमा बंद राहिल्या आणि त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. २०२४ मध्ये पर्यटकांची संख्या वीस लाखांवर गेली. त्यांच्या ताटातले बहुतेक अन्न मात्र आजही आयातीचे असते, आणि तांदूळ, कांदा, अंडी यांसाठी १९८१ च्या व्यापार कराराखाली भारताकडून मालदीवला दरवर्षी ठरावीक कोटा मिळतो.