षटकोनामागचा कागद : इंग्लिश पेपर पीसिंगच्या वर्गांची पार्श्वभूमी

इंग्लिश पेपर पीसिंगच्या वर्गाला शिलाई मशीन घेऊन कुणी आलं, तर दोष नावाचा असतो, येणाऱ्याचा नाही. ‘पेपर पीसिंग’ या एकाच नावाखाली आज कापडाचे तुकडे कागदाच्या मदतीने जोडण्याच्या दोन वेगळ्या कला चालतात. एकीत कागदावर रेषा छापलेल्या असतात. कापड कागदाला लावून मशीनने त्या रेषेवरच टीप मारायची आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. दुसरीत, म्हणजे इंग्लिश पेपर पीसिंगमध्ये, मशीन लागतच नाही. कागदाचा षटकोन कापायचा, कापडाच्या कडा त्यावर दुमडून कच्चे टाके घालायचे. मग असे दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवायचे आणि काठाचे दोन-तीन धागे उचलत हाताने बारीक टाके घालत जोडायचे. जोडताना सुई कागदातून जायला नको, कारण तोच कागद नंतर अख्खा काढून पुन्हा वापरायचा असतो.

मग ‘इंग्लिश’ कशासाठी? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या कामाला कुणी इंग्लिश म्हणत नव्हतं. तिथे ते नुसतं पॅचवर्क होतं, कधी ‘मोझेक’, तर षटकोन असतील तर ‘मधाचं पोळं’. अमेरिकेत मात्र दोन तुकडे एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने जोडण्याची पद्धत रुळली, आणि कागदावर दुमडून जोडण्याची रीत वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्यामागे ‘इंग्लिश’ लागलं. म्हणजे हे नाव मुळात बाहेरून पाहणाऱ्यांचं आहे. आता ते सगळीकडे रूढ आहे आणि बदलणार नाही. पण ही कला इंग्लंडमध्येच जन्मली, असा अर्थ त्यातून काढला जातो आणि तेवढा पुरावा त्या नावात नाही. तारीख असलेला ब्रिटनमधला सर्वांत जुना ज्ञात नमुना १७१८चा आहे. ती रेशमी चादर आहे, तिच्यात फुलं, प्राणी आणि माणसंही आहेत आणि मागे कागद अजून शिल्लक आहेत. एवढं सफाईदार काम कुणाचं पहिलंच असू शकत नाही.

‘क्विल्ट’ हा शब्दही असाच गुंतलेला आहे. वरचं कापड, मधला भराव आणि अस्तर हे तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधले, तरच तो क्विल्ट. १७१८ची ती चादर या अर्थाने क्विल्ट नव्हेच, आणि नंतरचं कितीतरी इंग्लिश षटकोनी कामही नव्हे. आपल्याकडे गोधडी आणि वाकळ यांचा प्राण थरांत आणि धावदोऱ्यात आहे, वरचे तुकडे काटेकोर जुळले नाहीत तरी चालतं. म्हणून ‘ही इंग्लंडची गोधडी’ असं सांगून वर्ग सुरू करणं मला पटत नाही. ऐकायला गोड वाटतं, पण शिकणारीचं लक्ष नेमकं चुकीच्या टाक्याकडे जातं.

आपल्याशी जोडणारा खरा धागा कापडाचा आहे. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ म्हणजे आपली छीट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनने आधी छापील भारतीय सुती कापडाच्या आयातीवर आणि मग छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी आणली. ती १७७४ मध्ये सैल झाली आणि पुढच्या काळातल्या षटकोनांत छापील सुती चिंध्या भरभरून दिसू लागल्या. अमेरिकेत १८३५च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या एका महिला मासिकाने षटकोनाची कृती छापली. षटकोनी फुलांच्या नक्षीचं ‘आजीची फुलबाग’ हे आज सर्वांना माहीत असलेलं नाव मात्र बरंच अलीकडचं, १९२०-३०च्या दशकांतल्या अमेरिकेतलं. मंदीच्या त्या वर्षांत फिक्या रंगांच्या चिंध्यांतून असंख्य फुलबागा शिवल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ कागदाशिवाय.

हे काम शिकवण्यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या न्यूगेट तुरुंगात कैदी बायकांना पॅचवर्क शिकवलं गेलं, हाताला काम मिळावं म्हणून. ब्रिटिश सैनिकांनी, हिंदुस्थानात असलेल्या पलटणींतल्यांनीही, गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे जोडून नक्षीदार पांघरुणं केली. दारू आणि जुगारापासून दूर ठेवणारा छंद म्हणून त्याचा पुरस्कारही झाला. ते कापड उसवत नाही, त्यामुळे कडा दुमडायची आणि कागदाची गरजच नव्हती. १९४२ नंतर सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांच्या कैदेत असलेल्या मुलींनी आपल्या गर्ल गाइड प्रमुख बाईंना वाढदिवसाची भेट म्हणून षटकोनी फुलांचं पांघरूण शिवलं. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातलं ते सर्वांत मोलाचं काम.

आजच्या वर्गांचं रूप १९७०च्या दशकात पॅचवर्कला जी नवी लाट आली तिच्यातून घडलं. घरात आईकडून मुलीकडे जाणारी गोष्ट फी भरून शिकायची झाली. पुढे यंत्राने कापलेले तयार कागद आले, मग कापड चिकटवायचा गोंद पेनच्या रूपात आला. गोंदामुळे कच्च्या टाक्यांचा वेळ वाचतो हे खरं. पण पहिल्या वर्गात मी टाकेच शिकवायच्या बाजूची आहे, आणि कागदही हाताने कापायला लावायच्या. जुन्या कामांतले कागद म्हणजे पत्रं, बिलं, वर्तमानपत्रं, मुलांच्या वह्यांची पानं. अर्धवट राहिलेल्या कामांत ते तसेच सापडतात. एखाद्या बिलावरच्या तारखेवरून हे काम त्याआधीचं नाही एवढं कळतं. किती नंतरचं, ते कळत नाही. तयार कागदी षटकोनांचं पाकीट उघडणाऱ्या शिकणारीला या खजिन्याची कल्पनाच येत नाही.

मापाचं मात्र पहिल्याच तासाला स्पष्ट करावं लागतं. एक इंची षटकोन म्हणजे ज्याची बाजू एक इंच. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तो दोन इंच भरतो आणि समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर पावणेदोन इंचांहून किंचित कमी. एका षटकोनासाठी अडीच इंचांचा चौकोनी तुकडा घेतला की दुमडायला पाव इंच उरतं. सात षटकोनांचं एक फूल झालं की मधल्याच्या सहाही बाजू बांधल्या जातात, म्हणून फक्त त्याचा कागद काढायचा. भोवतालचे सहा कागद पुढची रांग जोडली जाईपर्यंत आतच राहतात.