उत्तर कोण देतं, खेळणं की वाळू?

संशोधक एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगासाठी मुद्दाम एक खेळणं बनवलं. एकमेकींत गुंतलेल्या काही नळ्या. एक ओढली की चीं असा आवाज, दुसरीत दडलेला दिवा, तिसरीत सूर, आणखी एकीत आरसा. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना 'हे कसं चालतं ते बघ हं' असं सांगून फक्त आवाजाची नळी ओढून दाखवली. काहींसमोर तीच नळी चुकून ओढली गेल्यासारखी ओढली, तर काहींना काहीच दाखवलं नाही. मग खेळणं हातात दिलं. ज्यांना नीट शिकवलं होतं ती मुलं आवाजाच्या नळीतच अडकली. बाकीच्या नळ्यांकडे ती कमी वळली आणि खेळणं लवकर सोडून मोकळी झाली. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला.

मुलांचा तर्क चुकीचा नव्हता. जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्याजोगं आणखी काही नसणार, असं त्यांनी धरलं. बटण दाबताच गाणारी, बोलणारी, चमकणारी खेळणी घरात हेच काम करतात. आपण काय करायचं ते ती आधीच सांगून टाकतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या बाळांचा आणि त्यांच्या पालकांचा खेळ ध्वनिमुद्रित केला. बोलणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी मध्ये असताना पालक चित्रांची पुस्तकं बघताना बोलत त्यापेक्षा कमी बोलले आणि बाळांचे हुंकारही कमी झाले. खेळणं बोलत होतं, म्हणून माणसं गप्प बसली.

घराबाहेरचं, निसर्गाशी जोडलेलं किंवा हस्तकलेचं खेळणं निवडताना म्हणूनच मी एकच प्रश्न आधी विचारते: मुलाने काही करून पाहिलं, तर त्याला उत्तर कोण देणार? खेळण्यातली चिप दरवेळी तेच उत्तर देते. वाळू, पाणी, वारा आणि माती कृतीप्रमाणे वेगळं उत्तर देतात, आणि त्या उत्तरात खरं विज्ञान असतं.

वाळूचंच पाहा. कोरडी वाळू कितीही काळजीने ओता, तिच्या ढिगाचा उतार साधारण तीस-पस्तीस अंशांच्या वर जात नाही, ती घसरतेच. थोडं पाणी घातलं की चित्र पालटतं. दोन कणांच्या मधल्या फटीत पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला असलेल्या ताणामुळे, तो पूल दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढतो. असे असंख्य पूल मिळून भिंत उभी धरतात. यासाठी पाणी फारच थोडं लागतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वाळूचे उंचच उंच खांब उभारून पाहिले, तेव्हा आकारमानाने एक टक्क्याच्या आसपास पाणी सर्वांत उत्तम ठरलं. पाणी वाढत गेलं की फटी पूर्ण भरतात, हवा आणि पाणी यांच्यामधला पृष्ठभागच उरत नाही, ओढ संपते आणि बुरूज चिखल होऊन बसतो. तीन वर्षांच्या मुलाला पृष्ठताण हा शब्द माहीत नसतो. पण 'अजून थोडं पाणी घालू का' हा निर्णय ते दहा वेळा घेतं आणि दहाही वेळा वाळू त्याला प्रामाणिक उत्तर देते.

मग या खेळासाठी विकत काय घ्यायचं? लहान बादली, फावडं, चाळणी, नरसाळं आणि एखादी पारदर्शक नळी. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असावी, म्हणजे उलटी केल्यावर वाळूचा मुटका सुटून येतो. ती अर्धा ते एक लिटरची पुरे, त्याहून मोठी नको. ओल्या वाळूने भरलेल्या एक लिटरच्या बादलीचं वजन दोन किलोच्या आसपास जातं आणि तीन वर्षांचं मूल स्वतःच जेमतेम चौदा किलोचं असतं. मासा, किल्ला, चांदणी अशा आकारांचे साचे मी तरी दुकानात ठेवून येईन. त्यातून दरवेळी मासाच निघतो. वेगवेगळ्या मापांचे साधे डबे त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रश्न उभे करतात, कारण उंच डब्यातलं पाणी पसरट डब्यात ओतल्यावर कमी झाल्यासारखं वाटतं आणि मूल थबकतं. वाळूचा हौद मात्र खेळून झाल्यावर झाकायलाच हवा. मांजरं तिथे विष्ठा करतात आणि त्यातून परजीवी मुलांच्या हाती लागतात.

आता हाताकडे वळू. अवजार चांगलं असूनही मूल ते टाकून देतं, तेव्हा बहुधा दोष मापाचा असतो. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीची असतात. पहिली दोन जन्मानंतरच्या काही महिन्यांत कडक होऊ लागतात आणि शेवटच्याची पाळी नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान येते. तीन-चार वर्षांचं मूल रंगवतं तेही खांद्यातून आणि कोपरातून. बोटांची बारीक हालचाल नंतर येते. त्याला जाड दांड्याचा ब्रश, ठसठशीत खडू आणि मोठा कागद द्यावा. कागद भिंतीवर किंवा फळ्यावर उभा लावला तर आणखी बरं, कारण उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप योग्य बाकात येतं. बागकामाच्या खुरप्याचंही तेच. मोठ्यांचं खुरपं जड पडतं, आणि खेळण्यातलं मऊ प्लॅस्टिकचं खुरपं मातीत शिरण्याआधी वाकतं. आखूड मुठीचं, हलक्या धातूच्या पात्याचं, कडा बोथट केलेलं खुरपं शोधावं. ते खरोखर खणतं, आणि मुलांना हा फरक लगेच कळतो.

कात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे मुलांवर नकळत अन्याय होतो. कात्री कापते ती दोन पाती एकमेकींना घासून गेली तरच. उजव्या हाताने कापताना अंगठा आणि बोटं वरखाली होतात, पण त्याचबरोबर ती कात्रीवर थोडा आडवा दाबही देतात. नेहमीच्या कात्रीत पात्यांची मांडणी अशी असते की हा दाब त्यांना जवळ आणतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती एकमेकींपासून दूर करतो. कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो. शिवाय वरचं पातं कापायची रेघ झाकतं. साधारण दर दहा माणसांत एक डावखुरं असतं. डावऱ्या मुलासाठी पात्यांची मांडणीच उलटी असलेली कात्री लागते. नुसती मूठ दोन्ही हातांना चालेल अशी असून भागत नाही.

डोळ्यांनाही माप असतं. लहान मुलांसाठी भिंग घेताना 'दहापट मोठं दिसतं' हे वाचून आपण खूश होतो. पण साध्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे ते वस्तूपासून किती दूर धरायचं, हे विवर्धनाच्या उलट्या प्रमाणात बदलतं. दहापट भिंग वस्तूपासून फक्त अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं आणि डोळाही त्याला जवळजवळ टेकवावा लागतो. चालणाऱ्या मुंगीसाठी हे अशक्य. दोन-अडीचपट मोठं दाखवणारं, तळहाताएवढं रुंद भिंग दहा-बारा सेंटिमीटरवरून स्पष्ट दाखवतं आणि मूल मुंगीच्या मागे चालू शकतं. मात्र भिंगाने सूर्याचे किरण एकवटतात, त्यामुळे ते उन्हात मुलाजवळ एकटं सोडू नये.

दुर्बिणीत वेगळी अडचण असते. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, चार-पाच वर्षांच्या मुलाच्या ५० च्या आसपास. मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळ मिटतच नाहीत. मुलाला मग एका डोळ्याने अर्धवट दिसतं आणि ते 'काही दिसत नाही' म्हणून परत देतं. आपल्याला वाटतं, त्याला पक्ष्यांत रस नाही. कमी विवर्धनाची, चार किंवा सहापट दाखवणारी, पुरेशी मिटणारी दुर्बीण घ्यावी. जास्त विवर्धनाने हाताची थरथरही तितकीच मोठी होते.

बाहेर खेळण्याचा डोळ्यांना होणारा एक फायदा तर कोणत्याही खेळण्याशिवाय मिळतो. घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारण ३०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) असतो, भर उन्हात तो लाख लक्सपर्यंत जातो आणि सावलीतही घरापेक्षा कित्येक पट असतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा बाहेरचा वेळ दिला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे दूरचं धूसर दिसणं, आली होती, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. तीव्र प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन स्रवतं आणि त्याने नेत्रगोल लांबत जाण्याचा वेग मंदावतो, असं सध्याचं स्पष्टीकरण आहे. सावलीतला वाळूचा हौद त्वचेलाही बरा आणि डोळ्यांनाही.

मातीत हात घालू देण्याबाबत फिनलंडमध्ये झालेला एक प्रयोग आश्वासक आहे. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि झुडपं आणून लावली. तीन ते पाच वर्षांची मुलं तिथे खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या रोगप्रतिकारशक्तीच्या काही खुणाही बदलल्या. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलं थोडी आणि काळ छोटा होता, त्यामुळे आजार कमी होतील असं यावरून म्हणता येत नाही. तरी कुंडी, झारी आणि लवकर उगवणारं बी हा संच मला कुठल्याही तयार 'विज्ञान किट'पेक्षा मोलाचा वाटतो.

पळण्या-तोलण्याच्या खेळण्यांत पायडल नसलेली तोलसायकल मला सर्वांत आवडते. सायकल डावीकडे कलली की हँडल डावीकडेच वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात, हे शरीराला शिकावं लागतं. आधाराची चाकं लावलेली सायकल कलतच नाही, म्हणून ती हे शिकवूच शकत नाही. वळणावर मूल उलट बाहेर झुकतं आणि पुढे ती सवय मोडावी लागते. तोलसायकलीवर बसून दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. वजनही तपासा. चौदा किलोच्या मुलाला सात किलोची सायकल म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस किलोची. चेंडूच्या बाबतीत झेल शिकणाऱ्याला मोठा आणि हलका द्यावा. वजनाच्या मानाने हवेचा अडथळा जास्त असल्याने तो सावकाश येतो आणि हात जुळवायला वेळ मिळतो.

हस्तकलेसाठी चोवीस रंगांची पेटी मोठी आकर्षक दिसते. मी तीनच रंग देईन, पिवळा, निळा आणि लाल. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतं आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. दोन रंग मिसळले की दोघांचं शोषण एकत्र होतं. पिवळ्यात निळा पडताच आलेला हिरवा मुलाने स्वतः मिळवलेला असतो. सगळे रंग एकत्र करून होणारा मातकट गाळही होऊ द्यावा. लाल-जांभळ्या फुलांचा रस मिळाला तर त्यात लिंबू किंवा खाण्याचा सोडा टाकून पाहावा. पुष्कळ फुलांतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात गुलाबी-लाल आणि अल्कलीत निळं-हिरवं होतं.

बाकी सामान बाहेरच पडलेलं असतं. १९४३ साली कोपनहेगनजवळच्या एमड्रुप इथे कार्ल थेओडोर सोरेनसेन यांच्या कल्पनेतून भंगाराचं क्रीडांगण उभं राहिलं. झोके-घसरगुंड्यांपेक्षा बांधकामाच्या जागेवरच्या फळ्या आणि विटा मुलांना जास्त ओढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन यांनी सुट्या वस्तूंचा विचार मांडला: जागेतल्या बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त, तितका कल्पकतेला वाव जास्त. काटक्या, शंख, दगड, दोऱ्या, पुठ्ठे. मात्र एका वेळी सगळं मांडू नये. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात लहानग्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली, तेव्हा चारांच्या वेळी ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

निसर्गातलं म्हणजे निर्धोक, असं मात्र कृपा करून समजू नका. लाल-काळ्या गुंजा मण्यांसारख्या दिसतात, पण त्यांत ॲब्रिन हे जहाल विष असतं. टणक साल फोडली, टोचली किंवा चावली तर ते जिवावर बेततं. एरंडाच्या बिया आणि कण्हेरीचं संपूर्ण झाड हेही मुलांच्या संग्रहातून बाहेरच हवेत. तीन वर्षांखालच्या मुलासाठी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते सगळं वर्ज्य. पाण्यात फुगणारे जेलचे मणी पोटात फुगून आतडं अडवतात. दोन जोरदार चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात आणि भोक पाडतात. बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत खोल भाजतं, सेल उतरलेला असला तरी. असं काही गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

बाहेर राहणारी खेळणी अधूनमधून हाताने चाचपावीत. लाकडाचं कुसळ घासून काढता येतं. घसरगुंडी तापली आहे का, हे मुलाला बसवण्याआधी हाताच्या पाठीने पाहावं. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, त्यामुळे ते पांढुरकं, खडूसारखं आणि ठिसूळ होतं. बादलीची कड दोन बोटांत दाबून पाहावी. ती करकरली किंवा तडकली तर बादली टाकून द्यावी, कारण तिच्या तुकड्यांना काचेसारखी धार येते.