व्हिसा नाही, मग हे बाराशे कसले?

राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, पासपोर्टची अपॉइंटमेंट आणि अलीकडे व्हिसाचे फॉर्म. शाळांना सुट्ट्या लागायच्या आधी सहलीचे कागद घेऊन माणसं यायला लागतात. परवा मंगळवार पेठेतल्या एक काकू भूतानच्या सहलीचं कोटेशन घेऊन आल्या. वर ठळक अक्षरात छापलेलं, ‘व्हिसा लागत नाही’. खाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘एसडीएफ माणशी प्रतिरात्र १,२०० रुपये वेगळे’. काकूंनी त्या मुंग्यांवर बोट ठेवलं.

“दादा, व्हिसा न्हाई म्हणत्यात, मग हे बाराशे कसले? फसवतोय न्हवं ह्यो?”

एजंट फसवत नव्हता. अक्षर बारीक केलं एवढाच त्याचा गुन्हा. पण काकूंची गल्लत माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं करतात: व्हिसा आणि प्रवेशाचे पैसे त्यांच्या डोक्यात एकच असतं. व्हिसा नाही म्हणजे फुकट, आणि पैसे भरले म्हणजे व्हिसा झाला. दोन्ही चूक.

आपल्या गावातलं उदाहरण घ्या. घर बांधायचं तर महापालिकेत नकाशा देऊन छाननीची फी भरायची. कागद तपासून मंजुरी द्यायची की नाही ते साहेब ठरवणार. नामंजूर झालं तरी फी गेली, कारण ती तपासण्याची होती, मंजुरीची नव्हे. व्हिसाची फी ही अशी. आता गाडी काढून पन्हाळ्याला जा. नाक्यावर पावती फाडतात. तुम्ही कोण, कशाला आलात, बँकेत किती शिल्लक आहे, कोणी विचारत नाही. पैसे द्या आणि वर जा. प्रवेश शुल्क हे असं. एकात सरकार तुमच्याकडे बघतं, दुसऱ्यात तुमच्या पाकिटाकडे.

छाननीची फी किती झोंबते ते युरोपला निघालेल्यांना विचारा. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्याआधी ८० होती. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्रवाल्यांचा सेवा आकार वेगळा आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जायचं ते भाडं वेगळं. एवढं करून नकार आला तर यातला एक रुपया परत येत नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे १८५ डॉलरही तसेच. “नकार दिला तर पैसे कशाला ठेवून घेता?” हा प्रश्न मला दुकानात इतक्यांदा ऐकावा लागलाय की छाननीचं उदाहरण मी त्यातूनच तयार केलं.

आता काकूंचं भूतान. भारतीयांना तिथं व्हिसा नाही हे खरं, पण परवानगीच नको असं नाही. प्रवेशाचं परमिट काढावं लागतं. त्यासाठी निदान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड. आधार चालत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यांच्या खिशात असतं. ही झाली परवानगीची बाजू. एसडीएफ म्हणजे शाश्वत विकास शुल्क, ते पूर्णपणे दुसऱ्या खात्यातलं. पर्यटक थोडे यावेत पण येणाऱ्याने देशाला काहीतरी देऊन जावं, हे भूतानचं जुनं धोरण. देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली ठेवायचा असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय, आणि ते सांभाळायला पैसा लागतो. आधी भारतीयांना हे शुल्क माफ होतं. २०२० मध्ये कायदा झाला, मग कोरोनाने सीमा बंद, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दारं उघडली तेव्हापासून वसुली सुरू झाली. बाहेरच्या देशांतल्या बहुतेक पर्यटकांना रात्रीला १०० डॉलर आणि वर ४० डॉलरचा व्हिसा. म्हणजे गोऱ्या पाहुण्याला दोन्ही पावत्या, आपल्याला एकच.

काकूंचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडला. काका, काकू, मुलगा, सून: चार माणसं, पाच रात्री, बाराशेने २४,००० रुपये. नातू आठ वर्षांचा. सहा ते बाराला निम्मं, म्हणजे ६०० प्रमाणे ३,०००. एकूण २७,०००. हे हॉटेल, गाडी, विमान सोडून. सहल ‘पाच रात्री सहा दिवस’ असेल तर पाचाने गुणायचं, सहाने नव्हे. सुनेने घरी सहाने गुणून ठेवलं होतं, तेवढी बचत मी करून दिली.

“म्हंजे टोलच की ह्यो,” काकू म्हणाल्या.

टोल हा शब्द कोल्हापुरात जपून वापरावा. अख्खं शहर रस्त्यावर उतरून शहरातला टोल २०१५ साली रद्द करायला लावणारं हे गाव. मी हसलो, आणि म्हटलं, टोलच समजा, फक्त नाक्यावर गाडीऐवजी माणसं आणि रात्री मोजतात.

परवानगी आणि पैसे या दोन खात्यांची सरमिसळ कुठं महागात पडते ते मला बालीने शिकवलं, आणि तिथं चूक माझीच होती. भाच्याचं लग्न झालं, जोडी बालीला निघाली. बालीत फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला माणशी दीड लाख रुपिया पर्यटक शुल्क आहे. लाख ऐकून दचकू नका, आपले आठशेच्या आसपास होतात. मी दोघांचं ऑनलाइन भरलं, क्यूआर कोड मोबाईलवर पाठवले आणि सांगितलं, “झालं तुमचं, जावा बिनधास्त.” बालीतल्या देनपसारच्या विमानतळावर रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, व्हिसा? भाच्याने क्यूआर दाखवला. त्याने मान हलवली आणि मागच्या काउंटरकडे बोट केलं. तिथं व्हिसा ऑन अरायव्हल माणशी पाच लाख रुपिया. नवी नवरी मेंदीच्या हाताने बॅग ओढत परत मागं, आणि मला फोन.

“मामा, दहा लाख भरले!”

कोल्हापुरात बसून दहा लाख ऐकलं की काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. आपले पाच हजारांच्या वर झाले होते एवढंच. पण तो दीड लाख घेणारा वेगळा आणि पाच लाख घेणारा वेगळा, हे मला तेव्हा उमगलं. व्हिसा इंडोनेशिया देशाचा, तो घेऊन जकार्तालाही जाता येतं. ते शुल्क मात्र एकट्या बाली प्रांताचं. जसं तुम्ही इन्कम टॅक्स भरला म्हणून महापालिका घरफाळा माफ करत नाही. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पावती देताना त्यावर पेनने लिहितो: ‘हा व्हिसा नव्हे’.

कधी दोन्ही एकाच पावतीत येतात, मग गोंधळ दिसतच नाही. न्यूझीलंडच्या पर्यटक व्हिसाबरोबर १०० डॉलर, त्यांचे डॉलर, पर्यटक शुल्क म्हणून कापतात. ऑक्टोबर २०२४ च्या आधी ते ३५ होतं. गिऱ्हाईक म्हणतं व्हिसा महाग झाला.

आणि केनिया तर याहून नामी. जानेवारी २०२४ पासून तिथं व्हिसाच रद्द, सगळ्या जगाला. वन्यजीवांचे फोटो काढणारे आमचे दोन-तीन दोस्त खूश. पण त्याजागी आलं इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, ईटीए. निघायच्या आधी ऑनलाइन अर्ज, ३० डॉलर फी, आणि तो नाकारताही येतो. अर्ज आहे, छाननी आहे, फी आहे. नुसतं नाव बदललं. ‘व्हिसा फ्री केनिया’ अशी जाहिरात दिसली की मी ती आधी कात्रीने कापतो आणि मग फॉर्म भरायला घेतो. शिवाय मसाई मारा या तिथल्या अभयारण्यात शिरायचं तर परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. हे तिथल्या नारोक काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या कारभाराच्या, तिजोरीत, इमिग्रेशनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. लाखो वाइल्डबीस्ट, म्हणजे तिथली रानटी हरणं, येतात त्याच महिन्यांत भाव दुप्पट, हे सांगायला नको.

नेपाळला आपल्याला व्हिसा नाही, शुल्क नाही, म्हणून म्हातारी माणसं गोरखपूरमार्गे सुनौलीहून जातात ती निर्धास्त. मुक्तिनाथ करायचा असेल तर मात्र लक्षात ठेवा. तो अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राच्या आत येतो, आणि त्या क्षेत्राचं परमिट सार्क देशांतल्या, म्हणजे आपल्यासारख्या शेजारी देशांतल्या, माणसांना १,००० नेपाळी रुपये आहे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला, म्हणजे आपले ६२५. हे देशात शिरायचे पैसे नव्हेत, जंगलात शिरायचे. नाक्यावर उशिरा कळलं की बाकीची बस खोळंबते.

थायलंडबद्दल वेगळीच सावधगिरी. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, आणि १ मे २०२५ पासून येण्याआधी भरायचं डिजिटल आगमन कार्ड आलं. हे कार्ड पूर्ण फुकट आहे. तरी त्याचे पैसे घेणाऱ्या नकली साइट्स सर्चमध्ये वरच येतात. उत्तरेश्वर पेठेतला एक पोरगा असल्या साइटवर पैसे भरून माझ्याकडे प्रिंट काढायला आला होता. सरकारी पत्ता ‘.go.th’ ने संपतो का ते बघा, बाकी काही बघू नका. ३०० बाहत प्रवेश शुल्काची घोषणाही तिथं अधूनमधून होते आणि पुढं ढकलली जाते. व्हॉट्सॲपवर मेसेज आला म्हणून ते लागू झालं असं समजू नका.

तर कोटेशन हातात आलं की मी एजंटाला फोन लावून दोनच गोष्टी विचारतो. “परवानगी काय लागते, आणि ती नाकारली तर?” हा एक. “शिरल्यावर, राहिल्यावर, निघताना कुणाकुणाला किती द्यायचं?” हा दुसरा. ‘इन्क्लुडेड आहे सगळं’ असं उत्तर आलं तर लेखी मागा. काकूंच्या एजंटाला विचारलं, तो बिचारा सरळ बोलला: परमिटचं आम्ही बघतो, एसडीएफ तुमचं, आणि अक्षर पुढच्या वेळी मोठं करतो.

दुसऱ्या दिवशी काकू पिशवी भरून कागद घेऊन आल्या. पाच आधार कार्डं, नवी कोरी लॅमिनेट केलेली. मी मान हलवली. नातवाचा जन्मदाखला इंग्रजीतला होता, तो ठेवून घेतला. मुलाचा आणि सुनेचा पासपोर्ट होता. काकूंचं मतदान कार्ड पर्समध्येच निघालं. काकांचं मात्र सापडत नव्हतं. संध्याकाळी काका स्वतः आले, हातात कार्ड. देव्हाऱ्याच्या फळीखाली घातलेल्या वर्तमानपत्रात होतं म्हणे. फोटोत मिशा काळ्या होत्या.

“चालंल का हो?”

“मिशा चालतील,” मी म्हटलं, “नाव बघू द्या.” नावात ‘राव’ नव्हतं, बाकी सगळ्या कागदांवर होतं. आता ते दुरुस्तीला टाकलंय, आणि भूतान दिवाळीनंतर.