खुलासा : जास्त मेगापिक्सेल म्हणजे लग्नाचे फोटो चांगले?

‘ज्याच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल जास्त, त्यालाच लग्नाचं काम द्या’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. आकडा मोठा दिसला की तसं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करून पाहू. फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते पिक्सेल, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल.

24 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 6000 × 4000 पिक्सेलचा असतो. 12 × 18 इंचांचं अल्बमचं पान इंचाला 300 ठिपके धरून छापायला 5400 × 3600 पिक्सेल लागतात. म्हणजे 24 पुरतात, वर थोडं कापायलाही जागा उरते. 45 मेगापिक्सेल घेतले तरी लांबी-रुंदी दुप्पट होत नाही, जेमतेम 1.4 पट होते.

लग्नाचे फोटो बिघडतात ते बहुधा अपुऱ्या उजेडामुळे. एफ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ 5.6 ऐवजी एफ 2.8 वर लेन्स चौपट प्रकाश आत घेते. तेवढा प्रकाश नसेल तर शटर मंद ठेवावं लागतं आणि हलणारे हात-चेहरे पुसट येतात. नाहीतर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात. फ्लॅश कुठून आणि किती मारायचा, ही समज तर कुठल्याच आकड्यात मावत नाही.

तपासायचं कसं? निवडक वीस फोटो पाहून ठरवू नका, ते सगळ्यांचेच छान असतात. एकाच लग्नाचा पूर्ण संच मागा. त्यातले संध्याकाळचे आणि बंद हॉलमधले फोटो पडद्यावर मूळ आकारात (100 टक्के झूमवर) उघडून डोळ्यांच्या पापण्या स्पष्ट आहेत का ते बघा. कॅमेऱ्याबद्दल विचारायचंच असेल तर एवढं विचारा : फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठतात का? एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर प्रत राहते.